आकाशातला दिवा आणि लष्कराने केलेली चौकशी: नेमकं काय होतं, सविस्तर

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही कळेल. १८ जानेवारी २०२५ ला रात्री साडेआठच्या सुमारास तुम्ही आणि तुमचे काका अकोले तालुक्यात मळ्यात पाणी भरायला गेला होतात, रात्रीची लाईट होती म्हणून. पश्चिमेला डोंगराच्या वर एक मोठा झगमगता दिवा दिसला, लाल हिरवा पांढरा असे रंग बदलत होता, आवाज अजिबात नाही, आणि त्याच्या डावीकडे जरा खाली एक बारीक ठिणगी सारखी त्याच्यासोबत होती. पाऊण एक तास दोघं हळूहळू खाली सरकत गेले, आधी लहान दिसेनासा झाला मग मोठा. मोबाईलमध्ये शूट केलं तर गोल चकती आली, काठाला खाच असलेली. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात सांगायला गेलात तर तिथे हसले. आता तुम्ही विचारताय की अमेरिकेत म्हणे साध्या माणसाने सांगितलेल्या अशा दिव्याची हवाई दल चौकशी करायचं, ते खरं का, कसं करायचे, आणि आपल्याकडे कोणी का करत नाही.

सगळ्यात आधी एक सांगतो, तुमच्यावर जे हसले ते चुकले. तुम्ही दिशा, वेळ, किती वेळ दिसला, कुठे मावळला, सोबत काय होतं, एवढं सगळं लिहिलंय. गेली तीस वर्षं मी आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेतोय आणि लोक मला अशा दिव्यांबद्दल फोन करतात, त्यातल्या शंभरात पाच जणसुद्धा एवढं नीट सांगत नाहीत. मी सैन्यात नव्हतो, पण अमेरिकन हवाई दलाच्या त्या जुन्या चौकशांची कागदपत्रं आता सगळ्यांना वाचायला खुली आहेत आणि मी ती बरीच वर्षं वाचतोय, कारण माझं काम आणि त्यांचं काम शेवटी एकच, कुणीतरी घाबरलेला किंवा भारावलेला माणूस सांगतो की मला काहीतरी दिसलं, आणि आपण त्यातून ते काय होतं हे काढायचं.

तर हो, ते खरं आहे. जून १९४७ मध्ये केनेथ अर्नोल्ड नावाच्या खाजगी वैमानिकाला वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियरजवळ नऊ चमकत्या वस्तू वेगाने जाताना दिसल्या, पेपरवाल्यांनी त्याला तबकड्या हे नाव दिलं आणि देशभरातून तक्रारी यायला लागल्या. १९४८ मध्ये हवाई दलाने प्रोजेक्ट साइन सुरू केला, मग १९४९ मध्ये ग्रज, आणि १९५२ पासून ब्लू बुक, जो १७ डिसेंबर १९६९ ला बंद झाल्याचं जाहीर झालं. ऑफिस ओहायो राज्यात डेटन शहराजवळच्या राइट-पॅटरसन तळावर. एकूण १२,६१८ नोंदी, त्यातल्या ७०१ शेवटपर्यंत अज्ञात राहिल्या.

आता इथे थांबा, कारण ह्या सगळ्या प्रकरणात लोकांची जी गफलत होते ती इथेच होते. हवाई दल हे का करत होतं? लोकांना वाटतं की ते काय आहे हे शोधायला. पण लष्कराचा प्रश्न तो नव्हताच. लष्कराचा प्रश्न एवढाच की ह्याच्यापासून धोका आहे का, हे सोव्हिएत विमान आहे का, क्षेपणास्त्र आहे का. धोका नाही असं कळलं की त्यांच्या दृष्टीने विषय संपला, मग तो शुक्र होता की गुरू की आणखी काही, ह्याने त्यांना काही फरक पडत नाही. आणि ज्याने बघितलं त्याचा प्रश्न मात्र नेमका तिथून सुरू होतो, मी जे बघितलं ते काय होतं. दोघं एकाच दिव्याबद्दल बोलतात पण दोन वेगळे प्रश्न विचारतात. मी जेवढी प्रकरणं वाचली त्यातली निम्मी कटुता ह्यातून आलेली आहे, सगळीच काही लपवाछपवीतून नाही.

पुरावा म्हणून बघा, जानेवारी १९५३ मध्ये सीआयएने रॉबर्टसन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसवली. लुइस अल्वारेझसारखा माणूस, ज्याला पुढे नोबेल मिळालं, तो त्यात होता. त्यांची मुख्य काळजी काय होती तर हे दिवे नाहीत, तर ह्या दिव्यांबद्दलचे रिपोर्ट. हजारो लोक एकाच वेळी फोन करायला लागले आणि त्याच वेळी खरा हल्ला झाला तर हवाई संरक्षणाच्या लाईनी तुंबलेल्या असतील, ही भीती. म्हणून त्यांनी सुचवलं की लोकांच्या मनातलं ह्या विषयाचं गूढ कमी करा. लष्करी डोक्याने बघितलं तर त्यात चूक काही नाही. पण त्याचा परिणाम असा झाला की पुढे चौकशी करणाऱ्यावर उत्तर देण्याचं प्रेशर आलं, उत्तर बरोबर आहे का हे नंतर. त्यात १९५० च्या दशकातल्या त्यांच्या नियमावलीत अजून एक कलम होतं, की तळावरच्या अधिकाऱ्याने पत्रकारांना माहिती कधी द्यायची, तर वस्तू ओळखीची निघाली असेल तेव्हा. जी ओळखली गेली नाही तिच्याबद्दल गप्प. आता तुम्हीच सांगा, गावात चार जणांनी दिवा बघितलाय आणि तळावरचा माणूस तोंडच उघडत नाही, तर लोक काय समजणार.

प्रत्यक्ष चौकशी कशी व्हायची ते सांगतो. कुणी दिवा बघितला की तो बहुतेक वेळा पोलिसांना किंवा जवळच्या तळाला कळवायचा. तळावरचा एखादा अधिकारी, ज्याला आपली स्वतःची ड्युटी सांभाळून हे जास्तीचं काम दिलेलं, तो जाऊन बोलायचा आणि कागद राइट-पॅटरसनला पाठवायचा. तिथे मुख्य ऑफिस म्हणजे एक मेजर किंवा कॅप्टन आणि हाताखाली दोनतीन माणसं, बाकी काही नाही. लोकांना वाटतं मोठी प्रयोगशाळा असेल, तसं काही नव्हतं. मग बघणाऱ्याला एक प्रश्नावली जायची, कित्येक पानांची, आणि ती प्रश्नावली मला आजही आवडते, कारण ती बनवणाऱ्याला माणसाचा डोळा कसा फसतो हे चांगलं माहीत होतं. ती विचारते की वस्तू किती मोठी होती, पण फुटांत नाही. हात लांब धरला तर टाचणीच्या डोक्याएवढी, वाटाण्याएवढी, की अमुक नाण्याएवढी. क्षितिजापासून किती वर. झाडामागे किंवा घरामागे गेली का. ढगांच्या पुढे होती की मागे. चित्र काढा. चष्मा होता का, काचेतून बघितलं का.

हे असं का विचारायचं, हे समजलं की अर्धं शास्त्र समजलं. अंधाऱ्या आकाशात एकटा दिवा असेल तर त्याचं अंतर आपल्या डोळ्याला कळत नाही, कुणाच्याच नाही, वैमानिकाच्याही नाही. आणि अंतर माहीत नसेल तर आकार आणि वेग ह्या दोन्ही गोष्टी सांगताच येत नाहीत. दहा फुटांवरचा काजवा आणि दहा किलोमीटरवरचं विमान आकाशात अगदी सारखीच रेघ ओढू शकतात. म्हणून कुणी मला म्हणालं की तो बसएवढा होता आणि हजारच्या स्पीडने गेला तर मी ते वाक्य बाजूला ठेवतो आणि विचारतो की हात लांब करून मूठ धरली तर किती मुठी वर होता, आणि एक मूठ पार करायला किती सेकंद लागले. लांब केलेल्या हाताची मूठ म्हणजे साधारण दहा अंश, वीत म्हणजे वीसच्या आसपास, करंगळी एक अंश, आणि पूर्ण चंद्र फक्त अर्धा अंश, म्हणजे करंगळीने आरामात झाकला जातो. हे मी कार्यक्रमात सांगतो तेव्हा कोणाचा विश्वास बसत नाही, सगळे करंगळी वर करून बघतात आणि मग गप्प होतात. अंश आणि सेकंद मिळाले तर काम होतं, फूट आणि किलोमीटर मिळाले तर काहीच होत नाही.

शास्त्रीय सल्लागार म्हणून १९४८ पासून जे. ॲलन हायनेक नावाचे खगोलशास्त्रज्ञ होते. त्यांचं मूळ काम एवढंच की ह्यातले ग्रह, तारे आणि उल्का कोणते ते वेगळं काढा. सुरुवातीला त्यांना हा सगळा पोरखेळ वाटायचा, नंतर नंतर मत बदलत गेलं, आणि ते बदललं कशाने तर एलियन दिसले म्हणून नाही, तर चौकशी नीट होत नाही हे वीस वर्षं आतून बघितलं म्हणून. ह्या माणसावर जी वेळ आली ती गोष्ट मला तुम्हाला मुद्दाम सांगायची आहे, कारण ती नेमकी तुमच्यासारख्याच माणसाच्या दिव्याची आहे.

मार्च १९६६, मिशिगन राज्य. डेक्स्टर गावाजवळ २० तारखेला रात्री एका शेतकऱ्याला आणि त्याच्या मुलाला घरामागच्या दलदलीत दिवे दिसले, जवळ जाऊन बघितलं, पोलीस आले. दुसऱ्याच रात्री हिल्सडेल कॉलेजच्या होस्टेलच्या खिडक्यांतून ८७ मुलींनी आणि नागरी संरक्षणाच्या एका अधिकाऱ्याने पलीकडच्या ओलसर भागावर दिवे बघितले, बराच वेळ. बातमी देशभर गेली, रात्रीच्या रात्री गाड्या भरून लोक शेतात दिवे शोधायला यायला लागले. हवाई दलाने हायनेकना पाठवलं. त्यांना मिळाले मोजके दिवस, सगळीकडे पत्रकार, आणि वरून दट्ट्या की लवकर काहीतरी सांगा. २५ मार्चला डेट्रॉइटला पत्रकार परिषद झाली, खच्चून गर्दी. त्यांनी सांगितलं की ह्या दोन जागी जे दिसलं ते दलदलीतला वायू असू शकतो, कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मिथेन निघतो, काही परिस्थितीत पेटतो, जमिनीलगत फिकट ज्योती नाचताना दिसतात. आणि हेही सांगितलं की मी हे फक्त ह्या दोन घटनांबद्दल बोलतोय, सगळ्यांबद्दल नाही, आणि हे मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही. पण पत्रकारांनी दोनच शब्द उचलले, दलदलीतला वायू, आणि सकाळी सगळ्या पेपरात तेच.

कोकणातल्या, पाणथळ जागेजवळ राहिलेल्या माणसाला हे काही नवीन नाही, आपल्याकडेही वेताळाच्या पालखीच्या मशाली लांबून दिसतात असं आजीआजोबा सांगायचे, चकव्याच्या गोष्टी तर गावोगावी आहेत. वायूचं स्पष्टीकरण अशक्य अजिबात नव्हतं. पण मिशिगनच्या त्या शेतकऱ्याला काय ऐकू आलं? की तू आयुष्यभर ज्या दलदलीच्या काठावर राहिलास ती तुला ओळखता आली नाही. त्याची टिंगल झाली, ती त्याला फार लागली. माझ्या मते हायनेकची चूक उत्तरात नव्हती, चूक होती ते उत्तर देण्याच्या वेळेत. चार रात्री तिथे बसून, त्याच माणसाला शेजारी बसवून, तो वायू पुन्हा दिसतो का हे त्याच्यासोबत बघायला पाहिजे होतं. बघणाऱ्याला चौकशीत भागीदार केलं नाही तर बरोबर उत्तरसुद्धा त्याला थप्पड वाटतं, हे मी माझ्या अनुभवावरून छातीठोक सांगतो.

पुढे काय झालं ते मोठं आहे. मिशिगनचे खासदार जेराल्ड फोर्ड, जे आठ वर्षांनी राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी लेखी मागणी केली की संसदेने ह्यात लक्ष घालावं, लोकांना ह्याहून चांगलं उत्तर मिळायला हवं. ५ एप्रिल १९६६ ला प्रतिनिधीगृहाच्या संरक्षण समितीपुढे सुनावणी झाली, हवाई दलाचे सचिव हॅरल्ड ब्राउन, ब्लू बुकचे तेव्हाचे प्रमुख मेजर हेक्टर क्विंटनिया आणि स्वतः हायनेक साक्षीला होते. त्यातून काम कोलोरॅडो विद्यापीठाला दिलं गेलं, एडवर्ड कॉन्डन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाच्या हाताखाली, आणि १९६९ च्या सुरुवातीला त्यांचा जाडजूड रिपोर्ट आला की ह्याचा आणखी अभ्यास करून विज्ञानाला काही मिळेल असं दिसत नाही. त्याच वर्षअखेर ब्लू बुक बंद. म्हणजे एका शेतकऱ्याच्या घरामागच्या दिव्याने सुरू झालेली गोष्ट शेवटी त्या ऑफिसला कुलूप लागण्यापर्यंत गेली.

आता ते ७०१. हा आकडा नेटवर फार फिरतो आणि प्रत्येक जण आपल्याला पाहिजे तसा वापरतो. ब्लू बुकमध्ये ढोबळ तीन खाने होते: ओळखलं, माहिती अपुरी, आणि अज्ञात. अज्ञात ह्या खान्यात जायला माहिती भरपूर पाहिजे, चांगली पाहिजे, आणि तरीही कशाशी जुळत नाही असं पाहिजे. निदान कागदावर तरी तसं होतं. प्रत्यक्षात अपुऱ्या माहितीचा खाना हा अडगळीसारखा वापरला गेला आणि बऱ्याच ठिकाणी बहुधा शुक्र असावा, बहुधा फुगा असावा, ह्यातला बहुधा हा शब्द वर्षाअखेरच्या आकडेवारीत गळून पडला, हायनेकची ही तक्रार कायम होती आणि फायली वाचल्यावर मला ती पटते. पण त्याचा अर्थ ७०१ परग्रहावरची यानं असा अजिबात नाही. अज्ञात म्हणजे अज्ञात. एखाद्या मृतदेहाची ओळख पटली नाही म्हणून तो माणूस दुसऱ्या ग्रहावरचा ठरत नाही ना, तसंच.

आणि एक भानगड अशी, की कधीकधी त्या दिव्याचं उत्तर खुद्द सरकारच्याच दुसऱ्या खात्यात असायचं आणि चौकशी करणाऱ्याला ते माहीत नसायचं किंवा सांगता यायचं नाही. जानेवारी १९४८ मध्ये केंटकीत कॅप्टन थॉमस मँटेल आकाशातल्या एका चमकत्या वस्तूच्या मागे उंच उंच गेले, ऑक्सिजनची सोय नव्हती, विमान कोसळून गेले बिचारे. पहिल्यांदा सांगितलं की शुक्र होता. नंतर ज्याच्याकडे जास्त बोट गेलं तो होता नौदलाचा स्कायहूक नावाचा प्रचंड फुगा, तेव्हा गुप्त. १९५५ पासून यू-टू विमानाच्या चाचण्या सुरू झाल्या, साठ हजार फुटांवर, प्रवासी विमानं तेव्हा वीस हजारांच्या खाली. खाली संध्याकाळ झालेली, पण एवढ्या उंचीवर अजून ऊन, ते पंखांवर पडून लखलखायचं आणि खालच्या वैमानिकाला दिसायचा एक जळता गोळा. सीआयएच्या स्वतःच्या इतिहासकाराने १९९७ मध्ये लिहिलं की त्या काळातल्या निम्म्याहून जास्त रिपोर्टमागे ही गुप्त टेहळणी विमानं होती. निम्मे हा आकडा मला स्वतःला जास्त वाटतो, फायलींत ग्रह, तारे, फुगे, साधी विमानं हेच भरून पडलेलं दिसतं. पण काही रिपोर्टांमागे ही विमानं होती हे नक्की, आणि तेव्हा हवाई दलाने लोकांना जे सांगितलं ते खरं नव्हतं हेही नक्की. त्यामुळे अमेरिकेत लोकांचा विश्वास का उडाला हे मी समजू शकतो.

आपल्याकडेही हे होतं. १५ डिसेंबर २०२२ ला संध्याकाळी बंगालमध्ये कित्येकांनी आकाशात विचित्र फाकलेला प्रकाश बघितला, थोड्याच वेळात बातमी आली की ओडिशाच्या किनाऱ्यावरून अग्नी-५ ची चाचणी झाली. अशा चाचणीच्या आधी विमानांसाठी सूचना निघते की अमुक वेळात समुद्राचा अमुक पट्टा टाळा, ती बघायची सवय असेल तर असे दिवे पाच मिनिटांत सुटतात.

लष्कर सगळं ओळखतं आणि आपण अडाणी, असं मात्र समजू नका. लडाखचं उदाहरण बघा. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ ह्या काळात पँगाँग सरोवराच्या भागात आपल्या जवानांनी अज्ञात प्रकाशमान वस्तूंच्या ३२९ नोंदी केल्या, त्यातल्या १५५ वेळा ती वस्तू ताबारेषा ओलांडून आत आली असं लिहिलं. संशय चिनी ड्रोनचा. जवानांची चूक नाही, तिथली हवा इतकी विरळ आणि स्वच्छ की ग्रह अंगावर आल्यासारखे दिसतात, समोर शत्रू, आणि ड्रोनचा संशय घ्यावा असा तो काळ. शेवटी बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या लोकांना विचारलं. त्यांनी काही जादू केली नाही, कुठल्या वेळी कुठल्या दिशेला किती उंचीवर, हे जुळवून बघितलं, आणि एक निघाला गुरू, दुसरा शुक्र. त्या डिसेंबरात गुरू पृथ्वीच्या जवळ येऊन रात्रभर तळपत होता आणि शुक्र पहाटे उगवत होता, पंचांगात बघितलं तरी कळलं असतं. मला ह्या प्रकरणात आवडतं ते हे की जवानांच्याच नोंदींवरून उत्तर निघालं. एवढ्या थंडीत रोज वेळ लिहून ठेवली म्हणूनच ते निघू शकलं.

आता तुमचा दिवा. तुम्ही तारीख दिलीत म्हणून सांगता येतंय. १८ जानेवारी २०२५ ला संध्याकाळी पश्चिमेला शुक्र होता, सूर्यापासून जवळजवळ जास्तीत जास्त लांब गेलेला, म्हणून सूर्यास्तानंतर तीन तास टिकत होता, आणि त्याच दिवशी शनी त्याच्या अगदी जवळ होता, दोन-सव्वादोन अंशांवर, म्हणजे करंगळीच्या दोन रुंद्या. आपल्या अक्षांशावरून बघताना शनी शुक्राच्या डावीकडे आणि किंचित खाली येतो. तुम्ही लिहिलंय डावीकडे जरा खाली बारीक ठिणगी, आधी ती गेली मग मोठा. मी ते वाक्य वाचून खुर्चीत सरळ बसलो, कारण हे कुणी बनवून सांगू शकत नाही. लोकांना वाटतं साक्षीदार म्हणजे अविश्वासू माणूस, तुम्ही तर शनीची जागा अंशाच्या हिशोबात बरोबर सांगितलीत, तो शनी आहे हे माहीत नसताना.

रंग बदलत होते ते डोंगराजवळ आल्यावर हवेच्या जाड थरातून प्रकाश वाकडातिकडा होऊन येतो म्हणून, थंडीच्या रात्री दरीतून गार हवा वर-खाली होत असते तेव्हा तर फार. मोबाईलमधली चकती म्हणजे फोकस चुकलेला शुक्र, कॅमेऱ्याला अंधारात ठिपका पकडता येत नाही, तो फोकस शोधत राहतो आणि ठिपक्याचा गोळा होतो, झूम केलं की अजून मोठा. काठावरची खाच लेन्सच्या आतल्या एखाद्या भागाची किंवा काचेवरच्या डागाची असू शकते, ते मूळ व्हिडिओ बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. आणि तो थोडा थोडा हलत होता असं काकांना वाटलं, तर अंधारात एका स्थिर ठिपक्याकडे टक लावली की तो हलल्यासारखा वाटतोच, आपले डोळे हलतात आणि बाजूला टेकायला काही नसतं. पुढच्या वेळी झोपडीच्या पत्र्याच्या कडेला किंवा खांबाला डोकं टेकवून बघा, कडेच्या मागे तो कुठे आहे ते बघा, लगेच कळेल.

सगळेच दिवे ग्रह निघतात असं नाही. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ, पावणेआठच्या सुमारास विदर्भात आणि बाजूच्या राज्यांत हजारो लोकांनी आकाशातून जळत जाणारी माळ बघितली. मी नागपुरात होतो, फोन ठेवला की दुसरा वाजत होता. काही म्हणाले दहा सेकंद, काही म्हणाले पाच मिनिटं, काहींनी मोजलेल्या खिडक्यासुद्धा सांगितल्या, कारण तुकडे एका रांगेत चालले असले की मेंदू त्यांना एकाच वस्तूच्या खिडक्या समजतो. मी उल्का नाही म्हणालो ते वेगावरून, उल्का दोनचार सेकंदांत संपते, हे सावकाश जात होतं आणि तुटत होतं, म्हणजे माणसाने वर पाठवलेलं काहीतरी खाली येतंय. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत साधारण तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं जमिनीवर पडलेलं सापडलं, आजूबाजूच्या भागात धातूचे गोळे. इस्रोचे लोक येऊन बघून गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी लाँग मार्च रॉकेटचा तो भाग, वर्षभर फिरून खाली आलेला. तिथे पहिली धावपळ केली गावकऱ्यांनी आणि पोलिसांनी, लष्कराने नाही.

बाकी रोजचे प्रकार पटकन सांगतो. न लुकलुकता चारपाच मिनिटांत आकाश पार करतो तो अंतराळ स्थानक किंवा उपग्रह. एका ओळीत मोत्यांसारखे पन्नास दिवे म्हणजे स्टारलिंक, पहिली माळ मे २०१९ मध्ये सोडली तेव्हापासून माझे निम्मे फोन त्याचेच. केशरी, वाऱ्याच्या दिशेने जाऊन विझणारे म्हणजे कागदी आकाशकंदील. ढगावर गोल गोल फिरणारे पांढरे डाग म्हणजे कुठल्यातरी लग्नातल्या किंवा मिरवणुकीतल्या शार्पी, म्हणजे वर झोत फेकणारे फिरते दिवे. समोरून येणारं विमान लँडिंग लाईट लावून कित्येक मिनिटं एका जागी थांबल्यासारखं दिसतं आणि मग अचानक वळतं, ह्याने अनुभवी माणसंही फसतात.

मग हवाई दलाने चौकशी करावी का? आपल्याकडे सामान्य माणसाने फॉर्म भरून द्यावा असं वेगळं खातं नाही, आणि मला विचाराल तर असावं असंही वाटत नाही. ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने पन्नासहून जास्त वर्षं असं एक टेबल चालवलं, लोकांसाठी फोन नंबर होता, आणि डिसेंबर २००९ मध्ये बंद केलं, कारण एवढ्या वर्षांत एकाही रिपोर्टमधून देशाला धोका निघाला नाही. पुन्हा तोच शब्द, धोका. जिथे धोक्याची शक्यता असते तिथे आपलं हवाई दल उठतंच. १९ नोव्हेंबर २०२३ ला इंफाळ विमानतळाजवळ उडती वस्तू दिसली, विमानांची ये-जा काही तास थांबली, हवाई दलाने आपली यंत्रणा जागी केली, आणि नंतर ती वस्तू दिसली नाही असं स्वतःच जाहीर केलं. दिसलं नाही हे सांगायलाही धैर्य लागतं. म्हणून विमानतळ, धरण, लष्करी तळ ह्यांच्या जवळ खाली घोंघावणारं काही दिसलं तर ११२ ला फोन करा, तिथे लाजू नका. वरून काही पडलं तर हात लावू नका, रॉकेटच्या टाकीत विषारी इंधनाचा अंश असू शकतो, लांब उभे राहा आणि पोलीस किंवा तहसीलदारांना कळवा. पण लांबचा शांत दिवा असेल तर तो आमच्यासारख्यांकडे आणा, आकाशदर्शन मंडळं बऱ्याच जिल्ह्यांत आहेत.

आता एक काम राहिलंय. मी वर शुक्र आणि शनी म्हणालो ते तुमच्या लिहिण्यावरून, आणि हायनेकसारखं बसल्या जागेवरून उत्तर देऊन मोकळं व्हायचं माझ्या मनात नाही. तुम्ही काकांना घेऊन दिवसा मळ्यात त्याच जागी उभे राहा, दिवा डोंगराच्या ज्या खाचेत गेला असं दोघांना आठवतं त्या खाचेचा फोटो काढा, आधी वेगवेगळं बोट दाखवा, एकमेकांना न सांगता. मोबाईलच्या होकायंत्राने दिशा लिहा, आणि खाच क्षितिजापासून किती मुठी वर आहे ते मोजा. व्हिडिओ व्हॉट्सॲपवर न पाठवता मूळ फाईल पाठवा, त्यात सेकंदापर्यंत वेळ असते. त्यावरून मी काढतो की १८ तारखेला शुक्र त्या खाचेत किती वाजता टेकला. तुमची वेळ आणि ती वेळ पाच मिनिटांच्या आत जुळली तर झालं. नाही जुळली तर मी अकोले तालुक्यात तुमच्याकडे येतो, आपण तिघं मळ्यात बसून पुन्हा पहिल्यापासून मोजू.